ऑक्टेव्हिया आरएसच्या ब्लॉकला खिडकी पडली. आता इंजिन कोणतं टाकू?

टर्बो_पाहुणा, संभाजीनगर

मंडळी, रामराम.

गाडी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, 2005ची, 1.8 टर्बो पेट्रोल, एमएच 20. मी तिसरा मालक. घेतली तेव्हा आई म्हणाली होती, "भंगार कशाला आणलंस?" गेल्या महिन्यात आईचं खरं ठरलं.

समृद्धीवर जालन्याकडून परत येत होतो. सावंगीचा इंटरचेंज आठ-दहा किलोमीटरवर असताना तेलाचा लाल दिवा लुकलुकला, बीप वाजला आणि बंद झाला. सेन्सर असेल म्हणून मी रेटली. पाच मिनिटांत खालून टकटक, मग खटखट, मग घणाचा एक घाव घातल्यासारखा आवाज. आरशात नुसता धूर. गाडी टो करून आणली, वर घेतली तर तिसऱ्या सिलिंडरचा, पिस्टन क्रँकला जोडणारा रॉड ब्लॉक फोडून बाहेर. मोबाइलची बॅटरी मारली की खिडकीतून क्रँक दिसायलाय.

ब्लॉक गेला हे नक्की. डोक्यात चार गोष्टी घोळायल्यात. भंगारातून असंच 1.8 टर्बो शोधावं, किंवा स्कोडाच्याच लॉराचं 1.8 टीएसआय पेट्रोल बसवावं, किंवा 1.9 टीडीआय डिझेल टाकून निवांत व्हावं. नाहीतर नुसता ब्लॉक मिळवून, चांगले रॉड घालून इंजिन नव्यानं बांधावं आणि टर्बोही मोठा करावा. बजेट दोन लाख, ताणलं तर अडीच. गाडी रविवारची आहे, कामाला बाइक आहे. ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी सांगा.

उंटावरचा_शहाणा, जालना

मारुती 800चं इंजिन टाका. दिवा लागो न लागो, बदनापूर, करमाड करत मुकाट घरी आणून सोडते.

लातूर_पॅटर्न, लातूर

डोळे झाकून 1.9 टीडीआय. त्याच गाडीत कंपनीनंच दिलेलं इंजिन आहे, म्हणजे बसणार का ही चिंता नाही. 90 घोडे ऐकून नाक मुरडू नको. तुझ्या आरएसचे घोडे 150 असले तरी टॉर्क 210 न्यूटन-मीटर आहे, आणि या डिझेलचाही 210च. रोटरी पंपाचं साधं इंजिन, कॉइल नाही, प्लग नाही. औसा रोडला एक गाडी आहे, साडेचार लाख किलोमीटर झालेत, हेड उघडलेलं नाही. टर्बोच पाहिजे ना? त्यातही टर्बो आहे.

टर्बो_पाहुणा

काका, मुद्दा मान्य. पण आरएस उघडून आत डिझेल दिसलं तर पुरणपोळीत ठेचा निघाल्यासारखं होईल.

लातूर_पॅटर्न

आम्ही खातो की ठेचा. पुरण बिघडतं, ठेचा टिकतो.

आरटीओची_पायरी, परभणी

चव बाजूला ठेवा, आधी आरसी बुक काढा. इंधन: पेट्रोल. क्षमता: 1781 सीसी. मोटार वाहन कायदा 1988चं कलम 52 सांगतं की कंपनीनं मूळ जे दिलं आणि आरसीवर जे नोंदलं, त्यात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम आलं. सीएनजी, एलपीजी, बॅटरीच्या मंजूर किटला वेगळी वाट आहे. पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन बसवायला ती वाट नाही.

त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकलं तर बदलतो फक्त इंजिन नंबर. तो रीतसर चढवून घेता येतो, 14 दिवसांत कळवायचं असतं. आणि ही 2005ची गाडी आहे. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी. इन्स्पेक्टर बॉनेट उघडून नंबर ताडून बघतो. त्या दिवशी ठेचा सापडला तर काय करणार?

लातूर_पॅटर्न

आमच्याकडं निम्म्या जीपांत कुणाचं इंजिन कुणाच्या पोटात आहे ते देवाला ठाऊक. पण लेखी विचारलं तर पायरी म्हणतेत ते बरोबर. अपघात झाला की इन्शुरन्सवाले पहिल्यांदा हेच उकरतात. टीडीआय मागे घेतो, मन मात्र तिथंच आहे.

चिकलठाणा_लेथ, संभाजीनगर

अठरा वर्षं क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंगचं काम करतो. पाहुणे, तुम्ही दुसरा प्रश्न आधी विचारलात. इंजिन कोणतं टाकू हे नंतर. आधीचं मेलं कशानं? रॉड आपणहून बाहेर पडत नाही. इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर खोला, तेल ओढायच्या जाळीचा फोटो टाका. मग बोलू.

टर्बो_पाहुणा

लेथदादा, काल संध्याकाळी चेंबर खोललं. तळाला बोटभर काळा गाळ. काकवी आटवताना कढईच्या कडेला जे चिकटतं ना, हुबेहूब तसा, फक्त वास जळक्या रबराचा. जाळी निम्म्याहून जास्त बंद. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खरवडली तर पापुद्रे निघायलेत. त्या पापुद्र्यांत चमचम आहे. बेअरिंगचा चुरा असावा.

आणि आता कबुली. मागच्या दोन सर्व्हिसला गॅरेजमध्ये ड्रममधलं स्वस्त 20डब्ल्यू-40 तेल टाकलं होतं. त्यानं विचारलं होतं, मीच हो म्हणालो. दोन वेळचे मिळून तीनेक हजार वाचले.

चिकलठाणा_लेथ

वाचले तीन हजार, गेलं इंजिन.

पण सगळा दोष तुमच्याकडं नाही. बोटभर गाळ दोन सर्व्हिसमध्ये साठत नाही, आधीच्या दोघांचाही हातभार आहे. या 20 व्हॉल्व्हच्या इंजिनात टर्बो तेलाला भाजून काढतो. साधं मिनरल तेल तिथं करपतं, करपलेलं खाली बसतं, जाळीला धरतं. जाळी बंद झाली की पंप उपाशी. हायवेला चार हजार आरपीएमवर तो उपाशी राहिला की पहिल्यांदा रॉडचं बेअरिंग जातं. ब्लॉकला लोखंड कमी पडलेलं नाही, तेल पोचलं नाही. याला फोक्सवॅगनच्या 502.00 दर्जाचं 5डब्ल्यू-40 सिंथेटिकच लागतं.

उस्तादचा_पोरगा, संभाजीनगर

लेथभाईंच्या पुढचं सांगतो. अब्बांचं गॅरेज रोशन गेटला, मी स्कॅनर बघतो, अब्बा कान लावून बघतात. दोघांचं निदान जुळलं तरच गाडी खोलायची असा घरचा नियम आहे.

आमच्याकडं एक गाडी आली होती, हीच केस, रॉड बाहेर. मालकानं दुसरीकडून इंजिन आणलं, चांगलं होतं, आम्ही बसवलं. जुना टर्बो, जुना ऑइल कूलर तसाच ठेवा म्हणाला, पैसे संपले. अब्बा म्हणाले, "मय्यत के कपडे दुल्हे को मत पहनाओ." ऐकलं नाही. ऑइल कूलरच्या आत बारीक जाळ्या असतात, त्यात जुन्या बेअरिंगचा चुरा अडकलेला होता. नव्या इंजिनानं पहिल्या गरम फेरीत तो चाटून घेतला. अकराशे किलोमीटरला परत टकटक.

म्हणून पाहुणेभाई, कोणतंही इंजिन घ्या, ऑइल कूलर नवा. तो धुवून स्वच्छ होत नाही. टर्बोला तेल देणारी बारीक नळीही नवी. ती एक्झॉस्टच्या वरून जाते, आतलं तेल जळून नळी कोळशानं बुजते. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर काढून उलटा करा, तेल निघेल, रॉकेलनं धुवा. टर्बोचा शाफ्ट बोटानं हलवून बघा. किंचित खेळ चालतो, पण पंखा घराला घासायला नको.

उंटावरचा_शहाणा

मय्यतच्या कपड्यांवर हसावं की रडावं कळेना.

गोदाकाठ, पैठण

विषयाला थोडा फाटा फोडतो. आता पंपावर ई20 आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. वीस वर्षं जुन्या टर्बोला ते चालतं का? आमच्या शेजारच्या पंपावर विचारलं तर पोरगा म्हणाला, "काका, ऊस तुमचा, दारू तुमची, गाडी तुमची, मला काय विचारता."

वायरिंगवाली, नांदेड

पंपावरचा पोरगा हुशार दिसतोय.

काका, इंजिन चालतं. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या 14.7 पट हवा लागते. इथेनॉलला 9 पट पुरते. वीस टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनानं आठ-नऊ टक्के जास्त इंधन टाकावं लागतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एक्झॉस्टमधला लॅम्बडा सेन्सर बघून ते आपोआप भरून काढतो. इंधनाची लाइन धड असेल तर 150 घोड्यांना अडचण येत नाही. उलट ई20चं ऑक्टेन चांगलं असतं, टर्बोला नॉकिंग कमी. पण रिमॅप करून, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून, इंजेक्टर आधीच टोकाला नेले असतील तर जास्तीचं इंधन आणणार कुठून?

जुन्या गाडीत खरा त्रास रबराला होतो. नळ्या, ओ-रिंगा फुगतात, तडकतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. रविवारची गाडी तीन महिने उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाला बसतं. तेव्हा पाहुणे, इंजिनाबरोबर इंधनाच्या रबरी नळ्याही बदला. हा खर्च कुणी धरत नाही.

आता टीएसआयचं. मी लॉराच्या वायरिंगवर बरंच काम केलंय, म्हणून सांगते, नको. ते इंजिन उत्तम आहे, 160 घोडे, 250 टॉर्क. पण ते वेगळ्या घराण्यातलं. त्याला बेल्टऐवजी चेन, थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन, त्यासाठी कॅमवरून चालणारा हाय प्रेशर पंप. तुमची ऑक्टेव्हिया आधीच्या प्लॅटफॉर्मची, लॉरा पुढच्या. इंजिन धरणारी फाउंडेशन बनवून घ्याल, पण मीटर, एबीएस, चोरी रोखणारा इमोबिलायझर हे एकमेकांशी बोलणारच नाहीत. तुमच्या गाडीत चावी, मीटर आणि ईसीयू यांची जोडी ठरलेली आहे. दुसरा ईसीयू लावला की गाडी दीड सेकंद चालू होते आणि बंद पडते. लोक मग पंप खराब म्हणून पंप बदलत बसतात. 1.8 टर्बोच टाकलंत तर तुमचाच ईसीयू, तुमचंच वायरिंग राहतं, हा प्रश्नच उरत नाही.

उस्तादचा_पोरगा

ताई, दीड सेकंदवाल्या दोन गाड्या आत्ता आमच्या दारात उभ्या आहेत. दोघींनाही नवा पंप बसवून आणलाय.

शेंद्रा_पहिली_पाळी, संभाजीनगर

हा धागा वाचून हात शिवशिवले. शेंद्र्याचा कारखाना 2001ला सुरू झाला, पहिली गाडी ऑक्टेव्हियाच. मी नंतर काही वर्षं तिथं कंत्राटी कामाला होतो. आरएस 2004ला आली. पिवळा रंग आणि मोठी चाकं बघून गावाकडची पोरं विचारायची, "ही टॅक्सी आहे का?" पगारात ती कधी बसणार नव्हती, पण गेटबाहेर निघाली की आम्ही चहा सोडून बघायचो.

कामाचं एक सांगतो. डिकीत सुट्या चाकाच्या खळग्यात आणि सर्व्हिस बुकात एक कागदी स्टिकर असतं, त्यावर इंजिनाचा तीन अक्षरी कोड असतो. भंगारात जाताना तो कोड लिहून न्या. 1.8 टर्बो एवढंच म्हणून जाऊ नका, त्या नावाची डझनावर भावंडं आहेत. जुन्यांच्या हेडचे इनटेक पोर्ट मोठे, नंतरच्यांचे लहान. काहींची पिस्टन पिन 20 मिलिमीटर, नंतरच्यांची 19. कोड जुळला नाही तर इनटेक बसत नाही, मग पट्ट्या कापून बसवतात, मग हवा गळते.

सीताफळ, बीड

शेंद्रावाल्या दादांचं हे वाचलं असतं तर माझे सत्तर हजार वाचले असते.

मीही 1.8 टर्बोच्या शोधात होतो. मोठ्या शहरातल्या एका भंगार बाजारातून फोटो आले, व्हिडिओ आला, "टेस्टेड इंजिन" म्हणाले. ट्रान्सपोर्टनं मागवलं. बीडला उतरवलं, चार जणांनी मिळून टेम्पोतून खाली घेतलं, आणि मेकॅनिक त्याच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "भाऊ, हे उभं बसणारं इंजिन आहे." लांब बॉनेटच्या महागड्या गाडीतलं होतं, तिथं इंजिन लांबीत बसतं. आपल्यात आडवं. ब्लॉक भावकीतलाच, पण चेंबर वेगळं, फाउंडेशन वेगळी, टर्बो दुसऱ्याच जागी. विकणारा म्हणाला, "1.8 टर्बो सांगितलं होतं, 1.8 टर्बो दिलं." बोलणार काय?

शेवटी त्यातला ब्लॉक, क्रँक ठेवला, बाकी काट्यावर घातलं. पण काट्यावर घालण्याआधी चेंबर उलटं केलं, आणि पाहुण्यांनी लिहिलंय तीच काकवी! "टेस्टेड" म्हणजे काय टेस्ट करतात देव जाणे.

उंटावरचा_शहाणा

चव बघत असतील.

मोसंबीवाला, जालना

हे सगळं रोज वाचतोय, आज लिहितो. अंबड रोडला मामांच्या मळ्यात लिंबाखाली एक आरएस उभी आहे. 2006ची, पिवळी. चार वर्षांपूर्वी मागून ट्रकनं दिली, डिकी मागच्या सीटपर्यंत आली. पुढचं सगळं शाबूत. मामा विकत नव्हते, "नीट करीन" म्हणायचे. आता त्यात कोंबड्या अंडी घालायलेत, तेव्हा मामी म्हणाल्या की नेणाऱ्याला नेऊ द्या. चालू होती तेव्हा तेल मामा स्वतः आणायचे, डबे अजून गोठ्यात आहेत. पाहुण्यांनी येऊन बघून जावं. मोसंब्या फुकट, इंजिन नाही.

टर्बो_पाहुणा

रविवारी निघतो!!! डब्यांवर काय लिहिलंय तेवढं बघून सांगता का?

मोसंबीवाला

5डब्ल्यू-40. पाच डबे रिकामे, एकात डिझेल भरून ठेवलंय पंपाला.

लातूर_पॅटर्न

बघा, डिझेल शेवटी आलंच.

चिकलठाणा_लेथ

पाहुणे, घाई करू नका. चार वर्षं उभ्या इंजिनाला थेट सेल मारायचा नाही. रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, तुटतात. आधी तेल भरायचं झाकण काढून आत बोट फिरवा. बोट सोनेरी-तपकिरी निघालं तर पुढं जा. काळं, घट्ट निघालं तर मोसंब्या घेऊन घरी या. मग चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या बोल्टला बारा कोनांचा 19चा सॉकेट लावून हातानं फिरवा, बेल्टच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं. सलग फिरला पाहिजे. कुठं अडला तर जोर करू नका.

टायमिंग बेल्ट आधी बघा. चार वर्षं उन्हात उभ्या गाडीचा बेल्ट दिसतो चांगला, वाकवला की भेगा दिसतात. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह भिडतात, मग हेडही गेलं. भेगा असतील तर नवा घालूनच सेल मारा. टेन्शनर आणि वॉटर पंप तर नवेच घ्यायचे, पंपाच्या प्लॅस्टिक पंख्यावर माझा भरवसा नाही. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, कॉइल सोडवा, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवा, बॅटरी ताजी लावा. 7 बारच्या खाली गेलं तर घेऊ नका. चौघांत 3 बारपेक्षा जास्त फरक असला तरी घेऊ नका.

गोदाकाठ

आणि मोठा टर्बो, चांगले रॉड, त्याचं काय झालं? मूळ प्रश्नात ते होतं.

चिकलठाणा_लेथ

काका, बरं आठवण केलीत. याचे मूळ रॉड बारीक आहेत. नुसत्या रिमॅपनं 180-190 घोडे निघतात, रॉड ते सोसतात. टॉर्क फार वर न्यायला गेलात की रॉड वाकतो, मग पुन्हा खिडकी. मोठा टर्बो म्हणजे रॉड, क्लच, इंजेक्टर, इंटरकूलर सगळंच आलं. अडीच लाखांत त्यातलं निम्मं होतं, आणि निम्म्यावर सोडलेल्या टर्बो गाड्या माझ्या दारात तीन आहेत. एकीवर भोपळ्याचा वेल चढलाय.

वायरिंगवाली

इंटरकूलरवरून आठवलं. याचा मूळ इंटरकूलर चाकाच्या कोपऱ्यात दडलेला, आधीच लहान. मे महिन्यात आपल्याकडं 42-43 अंश असतं, डांबराजवळ त्याहून जास्त. जालना रोडच्या सिग्नलला दहा मिनिटं उभी राहिली की तो तव्यासारखा तापतो. ईसीयूला गरम हवा दिसते, तो स्पार्क मागे घेतो, आणि मालक म्हणतो पिकअप गेला. घोडे वाढवायचेच असतील तर पैसा पहिल्यांदा समोरच्या इंटरकूलरवर.

टर्बो_पाहुणा

मळ्यात जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

गाडीवर लिंबाच्या काड्यांचा थर, बॉनेट उघडायला दोघे लागलो. आत उंदरानं एअर फिल्टरच्या डब्यात कापूस, सुतळी, ज्वारीची कणसं असा संसार मांडलेला. तेलाचं झाकण काढलं, बोट घातलं. बोट मधासारखं निघालं. मी तसाच बोट वर धरून मामांना दाखवत होतो, तर मामी म्हणाल्या, "धुवून घे आधी, मग जेवायला बस." कोडही स्टिकरवर तोच निघाला, तिन्ही अक्षरं.

प्लग काढले, तेल सोडलं, मुक्काम केला. सकाळी 19चा सॉकेट लावला तर अर्धा फेरा सहज, मग जड, मग परत सहज. बेल्टला भेगा होत्या, उस्तादच्या पोराकडून नवा संच नेलाच होता. तो घातला आणि मग कॉम्प्रेशन: 10.4, 10.2, 10.6 आणि चौथा 6.8. पोटात गोळा आला. चौथ्यात परत चमचाभर तेल सोडून घेतलं तर 10च्या वर.

उस्तादचा_पोरगा

तेल टाकून वाढलं म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहेत, रिंगा चिकटल्यात. अब्बांना दाखवलं, म्हणाले घ्या. धुवून घ्या, थोडं चालवा, सुटतील. पुढच्या महिन्यात परत मोजा.

चिकलठाणा_लेथ

मी असतो तर चौथ्यासाठी किंमत पाडली असती. आणि "चालवा, सुटतील" याला माझी सही नाही. कोरडं 6.8 आहे, मी वर लिहिलेल्या मर्यादेच्या खाली. चेंबर काढून चौथा पिस्टन बाहेर घ्या, रिंगा बघा, बोअरला क्रॉस रेघा आहेत का बघा. इंजिन बाहेर असताना हे काम दोन दिवसांचं आहे, गाडीत बसल्यावर आठवड्याचं.

उस्तादचा_पोरगा

अब्बा म्हणतात लेथवाले आपलं दुकान चालवायलेत. पण मी लेथभाईंच्या बाजूनं. घरात सांगू नका.

आरटीओची_पायरी

इंजिन उतरवण्याआधी मामांकडून विक्रीची पावती घ्या, त्यावर इंजिन नंबर, चेसिस नंबर, दोन्ही गाड्यांचे क्रमांक. मामांनी आपली गाडी कायमची बाद झाल्याचं आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्यायची, कलम 55 आहे त्यासाठी. नाहीतर ते इंजिन कागदावर दोन गाड्यांत राहील. ब्लॉकवरच्या नंबराचा पेन्सिल घासून ठसा घ्या. गंज असेल तर ग्राइंडर लावू नका, नंबर पुसट झाला की चोरीचा संशय. माझ्या एका ओळखीच्याला त्या एका घासणीपायी सात महिने चकरा पडल्या.

टर्बो_पाहुणा

दोन महिन्यांनी परत आलो, उशिराबद्दल माफी.

लेथदादांचं ऐकलं. चौथ्याच्या रिंगा खरंच चिकटल्या होत्या, बोअरच्या रेघा शाबूत. चारही पिस्टनला नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, नवा ऑइल कूलर, तेलाची नवी नळी, टर्बो मामांच्या गाडीतलाच, जाळी नवी. इंधनाच्या नळ्या ताईंनी सांगितल्याप्रमाणं. एकूण दोन लाख अठरा हजार, त्यात मामांचे पंच्याण्णव. ईसीयू माझाच. नंबर चढवायचा अर्ज आत आहे, इन्स्पेक्टर बघून गेले.

पहिल्यांदा सेल मारताना पेट्रोलचा फ्यूज काढून ठेवला होता. नुसतंच फिरवलं, तेलाचा दिवा बघत. नऊ-दहा सेकंदांत दिवा विझला. उस्ताद तेव्हाच म्हणाले, "बस, अब डालो फ्यूज." पहिल्या झटक्यात लागली.

आता अडचण. आयडलला आरपीएम 700 ते 1100 खाली-वर करतोय, झोपेत घोरल्यासारखा. थ्रॉटल साफ केलं, काही फरक नाही.

वायरिंगवाली

थ्रॉटल काढलं होतंत तर स्कॅनरनं अ‍ॅडॅप्टेशन केलं का, म्हणजे ईसीयूला त्याची जागा नव्यानं शिकवली का? आणि इनटेकच्या खाली हाताला न दिसणाऱ्या श्वासाच्या नळ्या आहेत, उन्हानं बिस्किटासारख्या होतात. इंजिन काढताना एखादी मोडली असेल. चालू ठेवून कान लावा, हिसहिस ऐकू येते का?

टर्बो_पाहुणा

अ‍ॅडॅप्टेशन केलंय. हिसहिस आहे! इनटेकच्या मागून. उस्तादांनी हात घातला आणि अंगठ्याएवढा तुकडा हातात घेऊन आले. नळी कोपऱ्यात तडकलीय. बोटानं दाबून धरली की आरपीएम 800ला गप्प उभा राहतो.

उस्तादचा_पोरगा

ती नळी आमच्याकडं नाही, शहरात शोधायलोय. तोवर मी बोट धरून उभा आहे.